भूमितीतील द्विस्तंभी सिद्धता : 'का?' आणि 'कशावरून?'

बीजसंज्ञा : पक्ष, साध्य, सिद्धता, कारण, उपपत्ती, व्यत्यास, समद्विभुज त्रिकोण

प्रस्तावना

इयत्ता नववीत भूमितीच्या वहीचे रूप पालटते. तोपर्यंत आकृती, मापे आणि उत्तर एवढ्यावर भागत असे. आता पक्ष, साध्य, रचना व सिद्धता असे मथळे येतात, आणि सिद्धतेच्या प्रत्येक ओळीनंतर टिंबांची रांग ओलांडून उजवीकडे कंसात काहीतरी लिहावे लागते. डावीकडे विधान, उजवीकडे कारण. हीच द्विस्तंभी सिद्धता होय. पुष्कळ विद्यार्थी डावा स्तंभ समजून लिहितात आणि उजवा पाठ करतात. त्यांच्या दृष्टीने कंसातील शब्द म्हणजे गुण मिळण्यासाठी करावयाचा एक उपचार असतो. वास्तविक सिद्धता उजव्या स्तंभातच असते. डाव्या स्तंभात केवळ दावे असतात.

उजव्या स्तंभात नेमके काय लिहिणे अपेक्षित आहे, तेथे लिहिलेले कारण ग्राह्य केव्हा आणि अग्राह्य केव्हा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी समद्विभुज त्रिकोणाचे एकच प्रमेय विस्ताराने घेतले आहे. आकृतीवर किती विसंबावे या प्रश्नासाठी मात्र वहीबाहेरचे, मुंबई उपनगरातील अंधेरीचे उदाहरण घेतले आहे.

'कारण' या शब्दाची अडचण

मराठीत 'कारण' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. 'गाडी उशिरा आली, कारण सिग्नलमध्ये बिघाड होता' या वाक्यात कारण म्हणजे घटना घडविणारी गोष्ट. 'गाडी येऊन गेली असणार, कारण फलाट रिकामा आहे' या वाक्यातील कारण निराळे आहे. फलाट रिकामा असल्यामुळे गाडी आली नाही; फलाट रिकामा दिसल्यामुळे ती येऊन गेली असे म्हणण्यास आधार मिळाला. पहिले वाक्य 'का?' या प्रश्नाचे उत्तर देते, दुसरे 'कशावरून?' या प्रश्नाचे. हा भेद बोलीत प्रत्येक मूल पाळते. शेजारच्या मुलाने आपली पट्टी घेतली असे कोणी म्हटले, तर 'का?' आणि 'कशावरून?' हे दोन प्रश्न त्याला एकच वाटत नाहीत.

भूमितीतील उजवा स्तंभ 'कशावरून?' या प्रश्नाचे उत्तर असतो. स्तंभाला 'कारण' हे नाव पडल्याने हा भेद झाकला जातो आणि विद्यार्थी तेथे 'का?' चे उत्तर शोधू लागतो. 'हे कोन समान का आहेत?' असे विचारले की 'कारण ते समान दिसतात' किंवा 'कारण त्रिकोण समद्विभुज आहे' अशी उत्तरे येतात. दुसरे उत्तर खोटे नाही. परंतु जे सिद्ध करावयाचे तेच त्यात गृहीत धरलेले असू शकते. 'आधार' हा शब्द या स्तंभाला अधिक शोभला असता. तथापि 'कारण' हा शब्द आता इतका रूढ आहे की तो बदलण्यापेक्षा त्याचा अर्थ स्पष्ट करणे सोयीचे.

'कशावरून?' चे उत्तर म्हणून भूमितीत मोजक्याच गोष्टी चालतात : पक्षात दिलेली माहिती, स्वतः केलेली रचना, व्याख्या, गृहीतक, आधी सिद्ध झालेले प्रमेय, आणि त्याच सिद्धतेतील वरचे एखादे विधान. 'आधी' या शब्दाला येथे फार महत्त्व आहे; त्याचा विचार पुढे येईल.

उपपत्तीची परंपरा आणि स्तंभांचा जन्म

गणिती विधानाला आधार देण्याची रीत आपल्याकडे युरोपातून आली असा समज आढळतो, तो बरोबर नाही. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी'त असे म्हटले आहे की उपपत्ती न जाणणाऱ्या गणकाला विद्वानांच्या सभेत मान मिळत नाही. कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी १५४५ मध्ये 'लीलावती'वर 'बुद्धिविलासिनी' ही टीका लिहिली व तीत मूळ ग्रंथातील नियमांच्या उपपत्ती दिल्या. वर्तुळाच्या क्षेत्रफळाची उपपत्ती त्यांनी अशी दिली आहे : वर्तुळाचे दोन अर्ध करावे, प्रत्येक अर्ध केंद्राकडून परिघाकडे चिरून त्याच्या फाका उलगडाव्या, आणि एका अर्धाच्या फाका दुसऱ्याच्या फटींत बसवाव्या. जो आयत होतो त्याची लांबी परिघाच्या निम्मी व रुंदी त्रिज्येइतकी असते.

ही उपपत्ती वाचून, किंवा कागद कापून पाहून, क्षेत्रफळ तेवढेच का हे मनाला पटते. येथे 'का?' चे उत्तर मिळते. परंतु फाकांच्या वक्र कडा सरळ कशावरून मानल्या, असे विचारले तर उत्तर सोपे नाही. उलटपक्षी युक्लिडच्या 'एलिमेंट्स'मध्ये प्रत्येक पायरी मागील पायऱ्यांवर रचलेली असते, 'कशावरून?' चे उत्तर नेहमी मिळते, 'का?' चे मिळेलच असे नाही. वर्गात या दोन्ही गोष्टी लागतात. एकीने दुसरीची जागा घ्यावी, असा आग्रह धरण्यात अर्थ नाही.

युक्लिडचा ग्रंथ संस्कृतात आला तो जयपूरच्या सवाई जयसिंगांच्या आश्रयास असलेल्या सम्राट जगन्नाथ यांच्या 'रेखागणित' या पंधरा अध्यायांच्या ग्रंथातून. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातील हा ग्रंथ नसीरुद्दीन तुसी यांच्या अरबी पाठावर आधारलेला आहे. कमलाशंकर प्राणशंकर त्रिवेदी यांनी संपादिलेली त्याची आवृत्ती १९०१-०२ मध्ये मुंबई संस्कृत ग्रंथमालेत निघाली. हा ग्रंथ सलग गद्यात आहे. युक्लिडच्या मूळ ग्रीक ग्रंथातही स्तंभ नाहीत. विधान आणि त्याचा आधार एकाच वाक्यात गुंफलेले असत.

मग पान मधोमध दुभागले कोणी? पॅट्रिसिओ हर्ब्स्ट यांनी २००२ मध्ये 'एज्युकेशनल स्टडीज इन मॅथेमॅटिक्स' या नियतकालिकात या प्रश्नाचा मागोवा घेतला. त्यांच्या मांडणीनुसार ही रीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभी अमेरिकेतील माध्यमिक शाळांत घडली. पुस्तकातील सिद्धता पाठ म्हणून दाखविण्याऐवजी विद्यार्थ्याने स्वतः सिद्धता रचावी अशी अपेक्षा तेव्हा पुढे आली. ही अपेक्षा सर्व विद्यार्थ्यांकडून पुरी व्हावी आणि शिक्षकाला तपासताही यावी, यासाठी एक ठरावीक साचा हवा होता. तो दोन स्तंभांच्या रूपाने मिळाला. म्हणजे ज्या मांडणीत आज पाठांतर बोकाळले आहे, ती मुळात पाठांतरावर उपाय म्हणून आली होती! महाराष्ट्रातील पाठ्यपुस्तकांत उभी रेघ नसते, टिंबे व कंस असतात. पण साचा तोच आहे.

एक प्रमेय, अनेक कारणे

समद्विभुज त्रिकोणाच्या एकरूप बाजूंसमोरील कोन एकरूप असतात, हे प्रमेय प्रत्येक विद्यार्थी शिकतो. त्याची प्रचलित सिद्धता पुढीलप्रमाणे मांडली जाते.

पक्ष : △अबक मध्ये बाजू अब ≅ बाजू अक.
साध्य : ∠अबक ≅ ∠अकब.
रचना : ∠बअक चा दुभाजक काढा. तो बाजू बक ला ड बिंदूत छेदतो.
सिद्धता : △अबड व △अकड यांमध्ये,
(१) बाजू अब ≅ बाजू अक ............ (पक्ष)
(२) ∠बअड ≅ ∠कअड ............ (रचना)
(३) बाजू अड ≅ बाजू अड ............ (सामाईक बाजू)
(४) △अबड ≅ △अकड ............ (विधाने १, २, ३ वरून, बाकोबा कसोटी)
(५) ∠अबड ≅ ∠अकड ............ (एकरूप त्रिकोणांचे संगत कोन)
(६) ∠अबक ≅ ∠अकब ............ (विधान ५ वरून, ब-ड-क)

सहावी ओळ वहीत बहुधा लिहिली जात नाही. ती 'उघडच' असते. ड हा बिंदू ब आणि क यांच्या दरम्यान आहे म्हणूनच कोन अबड व कोन अबक हे एकच ठरतात. 'ब-ड-क' ही तीन अक्षरांची खूण पाठ्यपुस्तकांत याचसाठी वापरलेली असते.

आता रचनेची ओळ बदलून पाहावी. काही विद्यार्थी लिहितात, 'अ मधून बाजू बक वर लंबदुभाजक अड काढा.' ही रचना करता येत नाही. एका बिंदूतून लंब काढता येतो, किंवा समोरच्या बाजूचा मध्यबिंदू जोडून मध्यगा काढता येते. पण जो लंब आहे तोच बाजूला दुभागतो हे अद्याप सिद्ध झालेले नाही. रचनेत एका वेळी एकच अट घालता येते. दुसरी अट घातली की साध्याचा काही भाग रचनेच्या दाराने आत शिरतो.

केवळ लंब काढला तर? मग अड हा लंब, कर्ण अब ≅ कर्ण अक, बाजू अड सामाईक, आणि कर्णभुजा कसोटीने त्रिकोण एकरूप. ही सिद्धता निर्दोष दिसते. परंतु कर्णभुजा कसोटी कशावरून? तिची नेहमीची सिद्धता अशी की दोन काटकोन त्रिकोण समान बाजूने एकमेकांना चिकटवून ठेवावे. कर्ण समान असल्याने मोठा समद्विभुज त्रिकोण तयार होतो आणि त्याच्या पायाचे कोन समान असतात. म्हणजे जे सिद्ध करावयाचे त्याच प्रमेयाचा आधार! कर्णभुजा कसोटी ज्या क्रमात या प्रमेयानंतर येते, त्या क्रमात हे कारण अग्राह्य आहे. ती कसोटी ज्या पुस्तकात आधीच मान्य केलेली असते, तेथे तेच कारण ग्राह्य ठरते. मध्यगा काढून बाबाबा कसोटी वापरणाऱ्या सिद्धतेबाबतही हेच म्हणता येईल. युक्लिडने हे प्रमेय पहिल्या अध्यायात पाचव्या क्रमांकावर ठेवले, बाबाबा कसोटी आठव्या आणि कोन दुभागण्याची रचना नवव्या. त्यामुळे आपल्याकडील सोपी, दुभाजकाची सिद्धता युक्लिडला वर्ज्य होती व त्याला पाचव्या प्रमेयासाठी लांबचा वळसा घ्यावा लागला.

एखादे कारण बरोबर की चूक हे एकट्या कारणाकडे पाहून ठरत नाही, ते कोणत्या क्रमात येते त्यावरून ठरते. शिक्षक पुष्कळदा 'हे कारण येथे चालणार नाही' एवढेच सांगून पुढे जातात. विद्यार्थ्याला ती मर्जी वाटते. कोणते प्रमेय कोणावर उभे आहे याचा एक तक्ता वर्षभर वर्गात लावून ठेवला, तर मर्जीचा प्रश्न उरत नाही.

याच प्रमेयाची आणखी एक सिद्धता आहे. पाचव्या शतकातील भाष्यकार प्रॉक्लस याने ती पॅपसच्या नावे नोंदविली आहे. तीत रचनाच नाही.

सिद्धता : △अबक व △अकब यांमध्ये,
(१) बाजू अब ≅ बाजू अक ............ (पक्ष)
(२) ∠बअक ≅ ∠कअब ............ (तोच कोन)
(३) बाजू अक ≅ बाजू अब ............ (पक्ष)
(४) △अबक ≅ △अकब ............ (विधाने १, २, ३ वरून, बाकोबा कसोटी)
(५) ∠अबक ≅ ∠अकब ............ (एकरूप त्रिकोणांचे संगत कोन)

येथे त्रिकोणाची तुलना स्वतःशीच, पण उलट बाजूने केली आहे : अ शी अ, ब शी क, क शी ब. शिरोबिंदूंची नावे ज्या क्रमाने लिहिली त्या क्रमातच सगळी सिद्धता सामावली आहे. △अबक ≅ △अबक असे लिहिले असते, तर ते खरे असूनही त्यातून काहीच हाती लागले नसते. एकरूपतेच्या विधानात अक्षरांचा क्रम बदलला म्हणून गुण कापले की विद्यार्थी नाराज होतात; त्यांना ही सिद्धता अवश्य दाखवावी.

आकृतीवर किती विसंबावे

आकृती हे कारण नव्हे, हे वाक्य प्रत्येक वर्गात उच्चारले जाते. आकृतीवर विसंबल्याने काय होते, हे मात्र वहीत सहसा दिसत नाही; वहीतील आकृत्या मुद्दाम नेटक्या काढलेल्या असतात.

अंधेरी स्थानकाच्या परिसराचा नकाशा पाहावा. चर्चगेट-विरार उपनगरी मार्ग उत्तर-दक्षिण जातो. ८ जून २०१४ रोजी सुरू झालेला वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो मार्ग पूर्व-पश्चिम जातो. नकाशात या दोन रेषा एकमेकींना छेदतात. प्रत्यक्षात त्यांना एकही सामाईक बिंदू नाही, कारण मेट्रो रुळांच्या बरीच वरून जाते. रेषा एकाच प्रतलात असतील तरच 'समांतर नाहीत, म्हणून छेदतात' हे अनुमान खरे. शालेय भूमितीत सर्व आकृत्या एकाच प्रतलात असतात असे मानलेले असते. ही अट पक्षात लिहिली जात नाही, पण ती असते.

न लिहिलेली ही अट किती महाग पडू शकते याचे उदाहरणही अंधेरीतच घडले. गोपाळ कृष्ण गोखले पुलाचा पादचारी भाग ३ जुलै २०१८ रोजी रेल्वेमार्गावर कोसळला. नोव्हेंबर २०२२ मध्ये पूल वाहतुकीस बंद करून त्याची पुनर्बांधणी करण्यात आली. नव्या पुलाची एक बाजू २६ फेब्रुवारी २०२४ रोजी खुली झाली, तेव्हा तो आणि त्याला जोडून जुहूच्या दिशेने जाणारा सी. डी. बर्फीवाला उड्डाणपूल यांच्या पातळीत सुमारे दीड मीटरचे अंतर असल्याचे सर्वांना दिसले. रेल्वेमार्गावर सोडावयाच्या उंचीचे निकष बदलल्याने नवा पूल उंच झाला होता. वरून पाहता दोन्ही रस्ते एका रेषेत होते. बाजूने पाहता नव्हते. अखेर बर्फीवाला पुलाचा भाग जॅकच्या साहाय्याने उचलून जोडणी करण्यात आली व जुलै २०२४ मध्ये ती वाहतुकीस खुली झाली. त्या प्रकरणातील प्रशासकीय जबाबदारीचा विचार करण्याचे हे स्थळ नव्हे. भूमितीच्या शिक्षकाला त्यातून एक विधान मात्र घेता येते : 'नवा पूल जुन्या पुलास मिळतो.' त्यापुढील कंसात काय लिहावे, हा प्रश्न अंधेरी-जोगेश्वरीच्या कोणत्याही वर्गात विचारून पाहण्यासारखा आहे. 'आकृतीवरून' हे उत्तर देणारा विद्यार्थीच त्यावर हसेल.

प्रमेय की व्यत्यास

कंसातील कारण आखूड असते. आखूडपणाची किंमत प्रमेय आणि त्याचा व्यत्यास यांच्या गोंधळात मोजावी लागते. दोन रेषा समांतर दिल्या असता व्युत्क्रम कोन एकरूप असतात. तसेच व्युत्क्रम कोन एकरूप असता रेषा समांतर असतात. दोन्ही ठिकाणी विद्यार्थी '(व्युत्क्रम कोन)' असेच लिहितो. कोणत्या दिशेने अनुमान केले ते या दोन शब्दांवरून कळत नाही, आणि कित्येकदा ते विद्यार्थ्यालाही ठाऊक नसते. पाठ्यपुस्तकात यासाठी दोन निराळ्या संज्ञा आहेत. रेषा समांतर असल्यावर मिळतो तो व्युत्क्रम कोनांचा 'गुणधर्म', आणि रेषा समांतर ठरवायच्या असतात तेव्हा वापरायची ती व्युत्क्रम कोन 'कसोटी'. हा भेद केवळ शब्दांचा म्हणून सोडून देण्यासारखा नाही. कंसात 'गुणधर्म' किंवा 'कसोटी' एवढा एक शब्द अधिक लिहिण्याची सवय लावली, तरी अनुमानाची दिशा वहीत उमटते.

बांधकामावर गवंडी कोपरा गुण्यात आहे की नाही हे तपासताना एका भिंतीवर तीन फूट, दुसरीवर चार फूट मोजून खुणा करतो आणि त्यांमधील सुतळी पाच फूट भरते का ते पाहतो. भरली तर कोपरा काटकोनात. त्याने पायथागोरसचे प्रमेय वापरले असे सर्रास म्हटले जाते. वस्तुतः त्याने वापरला तो व्यत्यास. प्रमेयात काटकोन हा पक्ष असतो, गवंड्यापुढे तो साध्य असतो. सर्व प्रमेयांचे व्यत्यास सत्य नसतात. चौरसाचे कर्ण एकमेकांना लंब असतात, म्हणून कर्ण लंब असणारा प्रत्येक चौकोन चौरस ठरत नाही. पतंगाचेही कर्ण लंब असतात. इंग्रजी माध्यमाच्या केंद्रीय मंडळाच्या शाळांत 'सी. पी. सी. टी.' ही चार अक्षरे मंत्रासारखी लिहिली जातात. त्यांतही हाच धोका आहे. त्रिकोण एकरूप ठरण्याआधीच ही अक्षरे पानावर आलेली दिसतात.

चौकटी भरणे आणि सिद्धता रचणे

२०१८ मध्ये दहावीचे नवे पाठ्यपुस्तक लागू झाले व त्यानंतर मंडळाच्या ४० गुणांच्या भूमितीच्या प्रश्नपत्रिकेत 'कृती पूर्ण करा' या स्वरूपाचे प्रश्न आले. अपूर्ण सिद्धता छापलेली असते. काही विधानांच्या व काही कारणांच्या जागी चौकटी असतात. या पद्धतीचा लाभ नाकारता येणार नाही. पूर्वी कोऱ्या कागदापुढे हतबल होणारा विद्यार्थी आता निदान सिद्धतेत पाऊल टाकू शकतो. परंतु चौकटीच्या वर आणि खाली काय आहे हे छापलेलेच असल्याने विधानांचा क्रम ठरविण्याचे काम त्याच्याकडून काढून घेतले जाते. समद्विभुज त्रिकोणाच्या उदाहरणात दिसल्याप्रमाणे कारणाचे ग्राह्यत्व क्रमावर अवलंबून असते. क्रम आयता मिळाला की उजवा स्तंभ पुन्हा शब्दसंग्रहाची परीक्षा होऊन बसतो.

यावर वर्गपातळीवर करता येण्याजोगे काही आहे. सहा विधाने सहा चिठ्ठ्यांवर लिहून ती उलटसुलट द्यावी व क्रम लावण्यास सांगावे. किंवा केवळ उजवा स्तंभ द्यावा (पक्ष, रचना, सामाईक बाजू, बाकोबा कसोटी, संगत कोन) आणि डावा विद्यार्थ्यांनी लिहावा. एकाच उजव्या स्तंभातून निरनिराळ्या सिद्धता निघतात, हे पाहून वर्ग चकित होतो. सर्वांत उपयुक्त प्रश्न मात्र चुकीच्या सिद्धतेचा. वर दिलेली लंबदुभाजकाची रचना घेऊन पूर्ण सिद्धता, सर्व कारणांसह, छापून द्यावी आणि खाली एवढेच विचारावे : 'यांतील कोणत्या ओळीला कशावरून असे विचारले असता उत्तर देता येत नाही?' अशा प्रश्नाचे उत्तर तपासण्यास चौकटी तपासण्याहून अधिक वेळ लागतो, आणि हजारो उत्तरपत्रिकांच्या मंडळ परीक्षेत तो कदाचित परवडणारही नाही. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गातील घटक चाचणीत मात्र एका सायंकाळीत तो तपासून होतो, आणि कोणाला सिद्धता येते व कोणाला केवळ तिची मांडणी येते हे तेवढ्यात कळते.